34 एचपीची एटीव्ही की 24 एचपीचा मिनी ट्रॅक्टर : शेतात जास्त ओढतं कोण?

निफाड / दिंडोरी : ट्रॅक्टरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग 18 वरून 5 टक्क्यांवर आले. तेव्हापासून 'आता गाडी घेऊनच टाकू' ही चर्चा गावोगावी आहे. त्यात मोबाईलवर एक नवीन गाडी सारखी दिसते. चार जाड टायर, बाईकसारखं हॅण्डल, चिखलातून उडी मारत जाणारी. एटीव्ही म्हणतात तिला, कोणी क्वाड बाईक म्हणतं. व्हिडिओत ती मेंढरं हाकते, लाकडं ओढते, अडकलेली जीपसुद्धा बाहेर काढते. साहजिकच तरुण पोरं घरात विषय काढतात, की ट्रॅक्टरपेक्षा हीच घेतली तर? शेतात पण चालेल अन् रस्त्याने पण पळेल.

प्रश्न चुकीचा नाही. द्राक्षाच्या दोन ओळींत जेमतेम नऊ-दहा फूट जागा असते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस झाला की काळ्या जमिनीत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, आणि नेमकं तेव्हाच डावणी रोखायला फवारणी लागते. दोन दिवस बागेत जाता आलं नाही तर घड हातचा जातो. हलकी, जाड टायरची, चारही चाकं फिरवणारी गाडी म्हणून डोळ्यात भरते. पण सात-आठ लाख घालायच्या आधी हिशेब एचपीवर करायचा की आणखी कशावर, हे बघावं लागेल.

एचपी फसवतो तो इथे

भारतात शेतीसाठी पासिंग होणारी म्हणून जी एटीव्ही जास्त चर्चेत आली ती पोलारिस कंपनीची स्पोर्ट्समन 570 ट्रॅक्टर. 2020 साली ती आली तेव्हा शोरूम किंमत 7 लाख 99 हजार सांगितली होती. इंजिन 567 सीसीचं, पेट्रोलवर चालणारं, 34 एचपीचं. दुसरीकडे बागेत फिरणारे मिनी ट्रॅक्टर बघा. महिंद्रा जिवो 245 किंवा कुबोटा बी 2441 घ्या, दोन्ही 24 एचपीचे. कागदावर एटीव्ही दहा एचपीने पुढे.

आता शेतात या. एटीव्हीचं स्वतःचं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास. चालवणारा धरून चारशे. कोणतीही गाडी जमिनीवर जेवढ्या जोराने दाबून उभी आहे, त्याच्या काही हिश्शाएवढंच ती ओढू शकते. कोरड्या घट्ट जमिनीवर हा हिस्सा साधारण निम्मा धरा, चिखलात त्याहून बराच कमी. म्हणजे चारशे किलोची गाडी फार तर दोनशे-सव्वादोनशे किलोचा ओढ देईल. त्यापुढे चाक जागेवर फिरतं. मागे 34 एचपी असो नाहीतर 60, फरक पडत नाही. जुने लोक बैल घेताना नुसता चपळ बैल बघत नव्हते, अंगाने भरलेला बघायचे. कारण तेच आहे.

मिनी ट्रॅक्टर सहा-सातशे किलोपासून टनाच्या आसपास भरतो. त्याचं डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देतं आणि खालचे गिअर इतके बारीक असतात की माणसाच्या चालीने तासन् तास ओढत राहता येतं. एटीव्हीचा जोर वरच्या फेऱ्यांवर येतो. तिची गिअरपेटी बहुतेक बेल्टवर चालते. लो रेंज न टाकता जड वजन हळूहळू ओढलं की बेल्ट तापतो आणि जळतो. रीलमध्ये हे दिसत नाही, कारण रील तीस सेकंदांची असते.

कंपनी स्वतः काय सांगते तेही बघा. या गटातल्या एटीव्हीची ओढायची क्षमता साधारण साडेपाचशे ते सहाशे किलो लिहिलेली असते. ती सपाट जमिनीवरची, आणि त्यात ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरलेलं असतं. शंभर किलोची छोटी ट्रॉली लावली तर उरले साडेचारशे-पाचशे. वीस किलोचे फार तर पंचवीस कॅरेट. टोमॅटोच्या एका तोड्याला हे पुरतं का, ते ज्याचं त्याने बघावं.

ब्लोअर लावला की प्रश्न संपतो

बागायतदाराच्या दृष्टीने खरी मोजणी ब्लोअरची. 600 लिटरचा ब्लोअर भरला की नुसतं पाणीच 600 किलो. पंप, पंखा, टाकी, चाकं मिळून वर आणखी अडीच-तीनशे किलो. झालं साडेआठशे-नऊशे. एटीव्हीची कागदावरची हद्द इथेच ओलांडली, अजून चिखलाचं नाव घेतलेलं नाही.

आणि दुसरी अडचण याहून मोठी. ब्लोअरचा पंखा ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवर फिरतो, मिनिटाला 540 फेरे. एटीव्हीला असा शाफ्टच नसतो. तीन पॉइंटची हायड्रॉलिक लिफ्टही ट्रॅक्टरसारखी नसते. म्हणजे रोटाव्हेटर नाही, ब्लोअर नाही, खड्डे घ्यायचं ऑगर नाही. स्वतःचं इंजिन असलेले फवारणी यंत्र मिळतात, पण मग एक इंजिन ओढायला अन् दुसरं फवारायला. दोन्हीचं तेल आणि दोन्हीची दुरुस्ती आली.

मागच्या कॅरिअरवर छोटी टाकी बसवू, असा पर्याय सांगितला जातो. मागचं कॅरिअर ऐंशी किलोच्या आसपास वजन घेतं. पानं भरलेल्या बागेला एकरी तीन-चारशे लिटर लागतं. एका एकराला पाच फेऱ्या, दर फेरीला औषध कालवायचं, भरायचं, पुन्हा जायचं. ढग आलेले असताना कोण करणार हे?

मग एटीव्ही कुचकामी का? तसंही नाही. तिच्या टायरमध्ये हवा फार कमी ठेवतात, त्यामुळे ओल्या रानात ती रुतत नाही आणि माती दाबत नाही. पंधरा-वीस एकरांचं विखुरलेलं रान असेल, दिवसातून दोन वेळा ड्रिपच्या लाईनी, मोटर, शेततळं बघून यायचं असेल, शेळ्यांना चारा टाकायचा असेल, रोपवाटिकेत ट्रे पोहोचवायचे असतील, तर ती माणसाचे बरेच तास वाचवते. कृषी पर्यटन चालवणाऱ्याला पाहुणे फिरवायचा मोह होईल, पण त्याचा कायद्याचा भाग पुढे येतो. म्हणजे ती फिरायची अन् थोडं वाहायची गाडी आहे. मशागतीचं काम तिच्याकडून होत नाही. आणि निव्वळ फिरायला आठ लाख? दहा वर्षं चालली असं धरा, वर्षाला ऐंशी हजार झाले. वर्षात दोनशे तास वापरली तर तासाला चारशे रुपये नुसती गाडीची झीज, पेट्रोल वेगळं. त्या कामाला जुनी मोटारसायकल पुरते, हे घरातल्या बायका आधीच सांगत असतात.

कांदा बाजारात न्यायचा तर मिनी पण विचार करून

इथे मिनी ट्रॅक्टरवाल्यांनीही खूश व्हायचं कारण नाही. बागेत मिनी राजा असला तरी रस्त्यावर त्याच्याकडून नको तेवढं ओझं ओढून घेतलं जातं.

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जाणारी कांद्याची एक ट्रॉली घ्या. माल 25 क्विंटल, रिकामी ट्रॉली आठ-दहा क्विंटल. मिळून साडेतीन टन. दहा फुटाला एक फूट चढ लागला की या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे साडेतीनशे किलो, मागे खेचतो. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन चढवायला शंभरेक किलो. डांबरावर चाकं फिरवायला आणखी ऐंशी-शंभर. बेरीज सव्वापाचशेच्या पुढे. चालकासह एक टनाचा, चारही चाकं चालणारा मिनी कोरड्या रस्त्यावर पाचशेच्या आसपास ओढ देतो. म्हणजे चढावर तो अडकणार, पुढचा भाग हलका होणार आणि स्टेअरिंग सैल पडणार. टू व्हील ड्राईव्ह असेल तर आणखी वाईट. चांदवडच्या राहुड घाटात किंवा पेठ रस्त्याच्या सावळघाटात हे करून बघायची गोष्ट नाही.

मिनीच्या मागे माल आणि ट्रॉली मिळून टन-दीड टन, तेही सपाट रस्त्याने, इथपर्यंत ठीक. त्यापुढचा माल भाड्याच्या पिकअपमध्ये टाकलेला स्वस्त पडतो. वर्षातून आठ-दहा खेपांसाठी 45 एचपीचा ट्रॅक्टर घेणं आणि वर्षभर हप्ता भरणं, हा हिशेब बऱ्याच घरांत चुकलेला आहे.

चढापेक्षा उताराची भीती मोठी. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. उतारावर पूर्ण ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. ट्रॅक्टर हलका आणि ट्रॉली जड असेल तर ब्रेक मारल्यावर ट्रॉली बाजूने फिरते आणि ट्रॅक्टरला आडवा करते. म्हणून ज्या गिअरात चढलो असतो त्याच गिअरात उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून सोडणारे अजून आहेत, त्यांनी हे घरच्यांना विचारून करावं. शेतात वळायला डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतो, तो रस्त्यावर येताना पट्टीने जोडला पाहिजे. नाहीतर घाईत एकाच पॅडलवर पाय पडतो आणि गाडी गोल फिरते.

एटीव्हीलाही हाच नियम, फक्त जास्त कडक. बेल्टच्या सगळ्याच मॉडेलमध्ये उतारावर इंजिन सारखं धरून ठेवत नाही. घेताना हा प्रश्न स्वतंत्र विचारायचा, आणि ट्रॉली लावून उतारावर बघितल्याशिवाय उत्तर मानायचं नाही.

हुक कुठे लावायचा, हेही बारकाईने बघा. ओढायचा हुक मागच्या एक्सलच्या खालीच असावा. रुतलेली गाडी किंवा झाडाचं खोड काढताना घाईत दोर वर, टॉप लिंकच्या कानाला किंवा कॅरिअरला बांधला जातो. ओढ बसली की पुढची चाकं उचलतात आणि गाडी चालकाच्या अंगावर मागे उलटते. यात सावरायला वेळच मिळत नाही. ट्रॉलीत माल भरताना थोडा पुढे, हुकाच्या बाजूला जास्त ठेवावा. मागे जास्त भरला तर तो हुक वर उचलतो आणि मागची चाकं पकड सोडतात.

ऑस्ट्रेलियाने काय केलं

ज्या देशांतले व्हिडिओ आपण बघतो, त्यातला एक ऑस्ट्रेलिया. तिथे ही गाडी खरोखर शेताशेतात वापरतात. आणि तिथेच शेतावरच्या मृत्यूंमध्ये क्वाड बाईक उलटणं हे एक मोठं कारण ठरलं. सरकारने 2019 मध्ये सुरक्षेचा नियम काढला. ऑक्टोबर 2021 पासून शेतीकामाच्या प्रत्येक नवीन क्वाड बाईकला उलटल्यावर माणूस चिरडू नये म्हणून मागे संरक्षक कमान सक्तीची केली आणि गाडी किती कलावर उलटते याची अटही घातली. होंडा, यामाहा, पोलारिस या मोठ्या कंपन्यांनी तो नियम न पाळता तिथे क्वाड बाईक विकणंच बंद केलं. त्याआधी अमेरिकेत तीन चाकी एटीव्ही 1988 मध्ये बाजारातून काढाव्या लागल्या होत्या, कारण त्या वळणावर उलटत.

म्हणजे अरुंद, उंच आणि हलकी गाडी बांधावरून, उतारावर उलटते, हे कोणी अंदाजाने सांगत नाही. आपल्याकडे बांध, चर, पाटाचे काठ यांची काही कमी नाही. घेणारच असाल तर कमान बसवून घ्या. हेल्मेट घाला. मागे माणूस बसवू नका, कारण एका माणसाच्या वजनाने तिचा तोल बदलतो.

पासिंग होत नसेल तर ती बांधाच्या बाहेर नको

एक वेगळाच माल ऑनलाईन विकला जातो. 110-125 सीसीची छोटी एटीव्ही, लाख-सव्वा लाखापासून. 'फार्म बाईक' म्हणून जाहिरात. यातल्या बऱ्याचशा गाड्यांचं पासिंग होत नाही. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, खासगी जागेत वापरण्यासाठी. मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा नसलेली गाडी चालवता येत नाही. घरून मळ्यात जाताना दोनशे मीटर डांबरी लागतं ना? तेवढ्यात कोणाला धक्का बसला तर भरपाई घरातून द्यावी लागते, आणि ती जमीन विकायला लावू शकते.

ट्रॅक्टर म्हणून मान्यता असलेल्या गाडीचं वेगळं आहे. नियमात कृषी ट्रॅक्टरची व्याख्या आहे, शेतीची अवजारं आणि शेतमालाची ट्रॉली ओढण्यासाठी बनवलेली चारचाकी, आणि ती बिगर-वाहतूक वाहनांत मोडते. एटीव्ही या व्याख्येत बसवून मान्य झालेली असेल तरच आरसीवर तसं येतं. विकणारा काय म्हणतो यापेक्षा कोटेशन मागा. त्यावर जीएसटीचा दर आणि वाहनाचा प्रकार बघा. ट्रॅक्टरचा 5 टक्के दर लावलेला नसेल तर ती गाडी कागदावर ट्रॅक्टर नाही, एवढं कळतं.

लायसन्सचं पण तसंच. हॅण्डल बाईकचं असलं तरी बाईकचं लायसन्स चालत नाही, एलएमव्ही लागतं. ट्रॅक्टरला एकच सीट असते ती चालकाची. मडगार्डवर, ट्रॉलीत बसलेल्या माणसांचा विमा त्यात धरलेला नसतो. कृषी पर्यटनवाल्यांनी पाहुणे बसवण्याआधी हे वाचावं. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा करावा लागतो, आणि बहुतेकांच्या ट्रॉलीचा तो नसतो. शेतीच्या विम्यावर भाड्याने वाळू-विटा वाहिल्या आणि अपघात झाला, तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते.

पेठ-सुरगाण्याच्या भाताला काय?

पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या खाचरांत चित्र वेगळं. तुकडे लहान, बांध उंच, चिखलणीचं काम. तिथे 12-15 एचपीचा पॉवर टिलर अजून सगळ्यांत उपयोगी. किंमत ट्रॅक्टरच्या निम्म्याहून कमी, मागे ट्रॉली लावून घरचं भात, सरपणही येतं.

फक्त एक गोष्ट नव्या चालवणाऱ्याला कोणी सांगत नाही. पॉवर टिलर डावीकडे वळवायला डाव्या हाताची क्लच दाबतात. उतारावर, मागून ट्रॉली ढकलत असताना हे उलटं होतं. डावी दाबली की डावं चाक मोकळं सुटून पुढे पळतं, आणि टिलर उजवीकडे वळतो. दरीच्या बाजूला टाळायला जावं आणि दरीकडेच जावं, असा प्रकार. उतारावर ट्रॉलीसह असताना या क्लचला हात न लावता हॅण्डल ढकलूनच वळवायचं. घेतल्यावर आधी रिकाम्या ट्रॉलीने थोड्या उतारावर हे करून बघावं.

थोडक्या जमिनीसाठी स्वराज कोड हा 11 एचपीचा पेट्रोल ट्रॅक्टरही 2021 पासून आहे. भाजीपाल्याच्या अरुंद ओळींत कोळपणी, फवारणीला चालतो. त्याच्याकडून ट्रॉलीची अपेक्षा ठेवू नये.

डेमो शोरूमच्या डांबरावर नको

कोणतीही गाडी घ्या, डेमो आपल्या बागेत मागायचा. तोही स्वतःचा ब्लोअर पूर्ण भरून, जमलं तर पाऊस झाल्यावर. ओळीच्या टोकाला एका दमात वळते का, भरलेला ब्लोअर घेऊन बांध चढताना पुढची चाकं उचलतात का, उतारावर पाय ब्रेकवर न ठेवता गाडी धरते का, एवढं बघितलं तरी पुरे. नाही म्हणणारा विक्रेता असेल तर दुसरीकडे जावं. आणि सुटे भाग कुठून येतात ते विचारा. पिंपळगावात बेल्ट, फिल्टर, ब्रेक शू मिळत असेल तर ठीक. मुंबई-पुण्याहून मागवावा लागत असेल तर छाटणीनंतरच्या पंधरवड्यात ती गाडी शेडमध्ये उभी राहील, आणि शेजाऱ्याचा ब्लोअर भाड्याने आणावा लागेल.

दोन-अडीच एकरवाल्याने भाड्याचा हिशेब आधी करावा. वर्षाच्या फवारण्या, मशागत, वाहतूक यांचं भाडं एका वहीत लिहा. ते हप्त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नसेल तर शेजारच्या दोघांना घेऊन एकच मिनी घेणं परवडतं. भावाभावांत जमत नाही ते शेजाऱ्यांत कधी कधी जमतं, फक्त फवारणीच्या पाळ्या आधी कागदावर ठरलेल्या असाव्यात.

अनुदान हवं असेल तर अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो, आणि त्याला फार्मर आयडी लागतो. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के, पण ठरलेल्या कमाल रकमेपर्यंतच. सरकारी केंद्रात तपासणी झालेल्या मॉडेललाच ते मिळतं, जसं मध्य प्रदेशातलं बुदनीचं केंद्र. म्हणून विक्रेत्याकडे तपासणी अहवाल आधी मागावा. पूर्वसंमतीचं पत्र येण्याआधी बिल फाडलं तर अनुदान जातं, मग शोरूमची दिवाळी ऑफर कितीही मोठी असो.